ताट फिरायच्या आधी

आमच्या घरात स्वस्थ बसणं कुणालाच जमत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, चादरीच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी दारापासून परसापर्यंत एक फेरी मारून यायचे, घर जागेवर आहे की नाही याची खात्री करायला. आई बसल्या जागी काम करायची, पण तिचे हात आणि ओठ सतत चालू असायचे. ती अक्कलकोटची, माहेरी सगळे कानडी बोलणारे, त्यामुळे चुलीशी तिचं जे काही बोलणं चाले ते कानडीतून, आणि आम्हाला त्यातला फक्त सूर कळे. आमच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांचे माग होते. त्यांची खटखट दिवसभर भिंतीतून यायची आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक वाजत राहायचे. वीज गेली की माग थांबायचे, आणि मग त्या शांततेत आम्हा सगळ्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. तन्मय, ईरा, तुम्हा नातवंडांशी फोनवर बोलताना तुमच्या घरात मागं जी शांतता असते, तिची मला अजूनही सवय झालेली नाही.

या सगळ्यांत जास्त अस्वस्थ होती ती आत्ती. ती अण्णांची थोरली बहीण. तिला मोहोळच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरी दिलं होतं. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती भावाकडे आली ती कायमचीच. मी तेव्हा लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की ती घरभर काम शोधत फिरायची. आईनं घासून ठेवलेली कळशी पुन्हा घासायची, निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घ्यायची. आई तिला काही म्हणत नसे, कारण नणंदेला काय म्हणणार? पण आत्तीनं कळशी उचलली की आईचं कानडी थांबायचं, आणि ते थांबलेलं मला मागांच्या खटखटीपेक्षा जास्त ऐकू यायचं. दोघी एकमेकींशी फार नीट वागत. आई तिला "वन्सं" म्हणायची, अहोजाहो करायची. आत्ती आईला "शारदा" म्हणायची आणि तिच्या हातच्या येसराच्या आमटीला कधी नावं ठेवायची नाही. तरीही दुपारी त्या एका स्वयंपाकघरात दोघी असल्या की मला पुस्तक घेऊन परसात जावंसं वाटे.

मग आमच्या पेठेतल्या महिला मंडळानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायला सुरुवात केली, आणि आत्तीला तिथं बोलावलं. सोलापुरात भाकरी येत नाही अशी बाई नसेल, पण आत्तीसारखी पातळ, काठापर्यंत एकसारखी भाकरी मी नंतर कुठंच पाहिली नाही. तव्यावरून काढून ती निखाऱ्यापाशी उभी करायची, अशी की पापडासारखी वाळावी पण करपू नये. चटणीच्या शेंगा उखळात कुटल्या जात, तेल सुटून मुसळाला चिकटेपर्यंत. वर्षभरात मंडळाच्या स्वयंपाकाच्या खोलीतल्या चार चुली आत्तीच्या हाताखाली आल्या. कुणी काय करायचं, कुठल्या दुकानात किती माल जायचा, सगळं ती बघायची. सकाळी अंघोळ करून पांढऱ्या पदराची कड नीट खोचून ती बाहेर पडली की आई मोठ्यानं श्वास सोडायची, आणि मला खात्री आहे की गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर आत्तीही सोडत असणार. संध्याकाळी ती यायची ती शेंगांचा आणि धुराचा वास घेऊन, दमलेली, आणि मग दोघी चांगल्या हसतखेळत बोलायच्या. आमचं घर त्या भाकरीवर चाललं नव्हतं, पण घरातला सलोखा मात्र तिच्यावर चालला होता. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं.

अण्णांना इंग्रजीचं फार अप्रूप. मला त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं आणि पुढे कॉमर्सला. कॉलेजात आम्हाला सेक्रेटरिअल प्रॅक्टिस शिकवायला साळवी मिस होत्या. ठेंगण्या, करड्या सुती साडीतल्या, आणि अखंड चालणाऱ्या. फळा ते खिडकी, खिडकी ते दार, असं चालत त्या शिकवायच्या आणि आम्ही माना वळवत ऐकायचो. ऑक्टोबरच्या उन्हात वर्गाचा पत्रा तापलेला, पंखा आहे पण फिरत नाही, अशा एका सकाळी आम्ही पुस्तकातलं सभेचं प्रकरण उघडून बसलो होतो. मिसनी पुढच्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक उचललं आणि मिटून तिच्या हातात दिलं.

"हे पुढच्या महिन्यात," त्या म्हणाल्या. "आधी प्रत्येकानं एक खरी सभा बघून यायची. कुठलीही. सोसायटीची, देवळाच्या कमिटीची, गणपती मंडळाची. एका कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही. लिहायचं पण नाही."

"मिस, लिहिलं नाही तर लक्षात कसं राहणार?" कुणीतरी विचारलं.

"लिहायला मान खाली घातलीस की तेवढ्यात ठरून जातं. मान वर ठेव."

"बघायचं काय पण?"

"ठरतं कधी ते बघ. कोण काय बोललं ते मला कुणीही सांगेल. ठरलं नेमकं कुठल्या क्षणी, आणि त्या क्षणी कोण कुठं होतं, ते बघून ये. मग मी प्रकरण शिकवते. तोवर पुस्तक उघडून उपयोग नाही, सगळे शब्द नुसते पाठ होतील."

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा दरवर्षी मुलांना असंच पाठवायची. त्यांच्या पुस्तकाचं नाव बदललं, प्रकरणाचं नाव इंग्रजीत आणखी लांब झालं, पण मुलं बघून आल्यावर वर्गात जो गलका व्हायचा तो तसाच राहिला. तन्मय, परवा तू मला म्हणालास, "आजी, बोल, मी मीटिंगमध्ये आहे पण म्यूटवर आहे." मला नातू बोलायला मिळाला याचा आनंद झाला, पण तुझ्या मीटिंगची काळजी वाटली.

वर्गातल्या मुलग्यांना कुठंही जाता येत होतं. मला अण्णांनी परक्या कमिटीत जाऊन बसू देणं शक्य नव्हतं. राहिलं आमचं महिला मंडळ. तिथं आई आणि आत्ती दोघीही सभासद होत्या. महिन्यातून एका मंगळवारी दुपारी सभा भरायची, आणि नेमकं त्या दिवसांत आत्तीच्या चुलींबद्दल काहीतरी शिजत होतं. मंडळाच्या अध्यक्ष वकिलीणबाई, मोठ्या घरच्या, बोलायला गोड. त्यांच्या धाकट्या दिरांचं फरसाणाचं दुकान होतं. चुलींची खोली आणि सगळा व्यवहार त्या दिरांना चालवायला द्यावा, त्यांनी आपली माणसं आणावीत, मंडळाच्या डोक्याला ताप नको, अशी कुजबुज होती. आत्ती घरी त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. पण तिनं पुन्हा घासलेली कळशी घासायला सुरुवात केली होती, आणि आईचं कानडी थांबायला लागलं होतं.

सभा मंडळाच्या पुढच्या खोलीत होती. तिला एकच दार होतं, आणि रस्त्यावर जायचं असो की चहाच्या खोलीत, त्याच दारातून ओसरीवर यावं लागे. सतरंजीवर भिंतीच्या कडेनं बायका बसल्या होत्या, मधे वकिलीणबाई लोडाला टेकून. मी दाराजवळ कोपऱ्यात बसले. माझा पाय सारखा हलत होता, आणि आईनं येता-जाता त्यावर हळूच चापट मारली. "सुम्न कुंड्रू," ती पुटपुटली. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ, आणि लहानपणापासून तिनं मला सर्वांत जास्त ऐकवलेलं वाक्य तेच. मी मान वर ठेवून बघत राहिले. मागच्या सभेचं वाचून झालं. मग सहलीचा विषय निघाला. अक्कलकोटला जायचं की तुळजापूरला, बस कुणाची, डबे घरून न्यायचे की तिथं प्रसादाला थांबायचं, यावर सगळ्या एकदम बोलत होत्या. आमच्या गल्लीतल्या नरसम्मा, मागवाल्यांच्या घरातल्या, तेलुगूचा हेल काढून म्हणाल्या, "अय्यो, देव दोन्हीकडं हाय. बस ज्याची नवीन, तिकडं चला." हशा झाला. आत्ती हसली नाही. ती गुडघ्याभोवती हात घट्ट बांधून बसली होती आणि दर विषयानंतर वकिलीणबाईंकडं बघत होती.

सहल उरकली. आतून ताट आलं. हळदीकुंकवाचं ताट नेहमी आई फिरवायची, कारण तिचा हात नेटका, आणि मंडळातल्या सुनांमध्ये ती धाकटी. ताट दारात दिसलं तशी आत्ती उठली. "चहाचं बघते," असं कुणाकडंच न बघता म्हणाली आणि आत गेली. तिच्यामागून गंगूबाई उठली. गंगूबाई आत्तीच्या चुलीवर भाकऱ्या थापायची, तीही विधवा. दोघींना कुणी जा म्हटलं नव्हतं. कुणी त्यांच्याकडं बघितलंही नाही. मी कुमारिका, त्यामुळे मी बसून राहिले. ताट फिरायला लागलं, बायकांनी पदर सावरले, एकमेकींना नावानं हाका झाल्या, बांगड्या वाजल्या, आणि त्या गडबडीत वकिलीणबाई कपाळ पुढे करत म्हणाल्या, "मग ते चुलींचं आमच्या भाऊजींकडं देऊन टाकू या ना. दिवाळीनंतर. काय?" कुणी "हं" केलं. कुणाच्या कपाळावर आईचं बोट होतं, ती मान हलवू शकत नव्हती. चिटणीसबाईंनी टोपण काढून एक ओळ लिहिली. आत्ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा बायका चपला शोधत होत्या.

वर्गात एकेकानं आपली सभा सांगितली. एक मुलगा म्हणाला, "मिस, आमच्या गणपती मंडळात आधी भांडण झालं, मग चहा झाला, आणि वर्गणी कप धुताना ठरली." सगळे हसले, मिस हसल्या नाहीत, त्यांनी त्याला कप कोण धूत होतं ते विचारलं. मग माझी पाळी आली. मी ताटापर्यंत पोचले आणि मिस चालायच्या थांबल्या. त्यांनी मधली बाकं सरकवली, आम्हा मुलींना मंडळातल्यासारखं गोलात बसवलं, एकीला डस्टर देऊन ताट म्हणून फिरायला सांगितलं आणि दोघींना उठून दाराबाहेर जायला लावलं. "आता ठरवा काहीतरी," त्या म्हणाल्या. आम्ही उद्याचा तास रद्द करायचं ठरवलं. बाहेरच्या दोघी आत आल्या तेव्हा त्यांना ते कुणी सांगितलंच नाही, सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी मिसनी पुस्तक उघडलं. गणपूर्ती म्हणजे काय, सूचक आणि अनुमोदक कशाला लागतात, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना सभासदाला काय विचारता येतं आणि काय नाही, सगळं त्या भराभर सांगत गेल्या, आणि मला त्यातला एकेक शब्द आत्तीच्या रिकाम्या जागेवर बसल्यासारखा दिसत होता. तास संपल्यावर मी थांबले आणि विचारलं, "मिस, मी आता काय करू?" त्यांनी खडू झटकला. "तू बघून आलीस. सभासद तुझी आत्या आहे."

मी सायकल दामटत घरी आले. आत्ती परसात शेंगा निवडत होती, आई आत चुलीपाशी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ताट, चहा, चिटणीसबाईंचं टोपण. मला वाटलं होतं ती चकित होईल.

"झालं सांगून?" आत्ती म्हणाली.

"आत्ती, अगं दरवेळी असंच होतंय! गेल्या वर्षी चुलींच्या खोलीचं भाडं वाढवलं ते पण तू आत असतानाच ठरलं असणार. शेवटचा विषय मुद्दाम..."

"मला ठावं न्हाय व्हय? मी काय आज जातीया मंडळात?" तिनं एक किडकी शेंग लांब भिरकावली. "वकिलीण लई हुशार हाय. पर तिनं मला ऊठ म्हनलंय का कदी? मीच उठते."

"मग उठू नकोस! बसून राहा."

"बस म्हनं! ताट आलं, हिचं कपाळ, तिचं कपाळ, आन माझ्याम्होरं आलं की म्होरं सरकलं. समद्या बायका बगत्यात. तू बसशील?" तिचा आवाज चढला होता. "इंग्रजी शिकली म्हून लई कळाया लागलं तुला. जा, हातपाय धू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीपाशी आईचं कानडी केव्हाच थांबलं होतं. मी आत गेले तशी तिनं माझ्याकडं न बघता ताटात भाकरी वाढली, वर चटणी, वर तेल, आणि म्हणाली, "सुम्न कुंड्रू." पण त्या वेळी ती मलाच म्हणाली की स्वतःला, हे मी आजही सांगू शकत नाही.

पुढचा महिना आम्ही कसा काढला ते देव जाणे. आत्ती कामाला जायची ती वेळेआधी, आणि परत यायची ती अंधार पडताना. घरी असली की तिचे हात थांबत नसत. सगळ्या डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावायची. वकिलीणबाईंचे दीर एकदा चुलींची खोली बघायला आले, भिंतीला हात लावून ओल आहे का ते पाहून गेले, हे गंगूबाईनं येऊन सांगितलं. आत्ती "व्हय का?" एवढंच म्हणाली. अण्णांना आई एकदा हळूच म्हणाली, "वन्सं दिवसभर घरात बसल्या तर..." आणि पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. अण्णा उठून परसापर्यंत फेरी मारून आले. माझा अभ्यास होईना. सभेचे नियम मला तोंडपाठ होते आणि त्यांचं करायचं काय ते माहीत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मला कुणी सभा बघायला सांगितलं नव्हतं. मी तरी गेले. चिटणीसबाईंनी मागचं वाचलं, त्यात ती ओळ आली: चुलींची व्यवस्था दिवाळीनंतर बाहेर द्यावी असं ठरलं. आत्तीनं घसा खाकरला.

"ह्यावर मला बोलायचंय," ती म्हणाली.

"बोला की, सुंदराबाई," वकिलीणबाई गोड हसल्या. "पण तेवढं शेवटी घेऊ. आधी सहलीचा हिशोब उरकू दे, नाहीतर राहून जातो."

आत्तीनं मान हलवली. मला ओरडावंसं वाटत होतं. सहलीचं बोलणं सुरू झालं ते संपेचना. कुणाला बसमध्ये उलटी झाली, कुणाची चप्पल देवळाबाहेरून गेली, ती कुणी नेली असेल. उन्हानं खोलीचा दरवाजा तापला होता. पदरानं वारा घेत बायका बोलत होत्या, आणि मधूनच कुणीतरी बाहेर डोकावून ऊन किती उतरलं ते बघत होती, कारण संध्याकाळी नळाला पाणी यायचं आणि त्या वेळी घरी असावंच लागे. आमच्याकडं तेव्हा सगळी कामं नळाच्या वेळेनं बांधलेली. मी आत्तीकडं बघत होते. तिनं या वेळी हात गुडघ्याभोवती बांधले नव्हते, दोन्ही तळवे सतरंजीवर टेकून ती बसली होती, उठायच्या तयारीत असल्यासारखी.

आई ताट घेऊन दारात आली.

गंगूबाई उठली. आत्ती उठली नाही.

हे कळायला बायकांना थोडा वेळ लागला. मग बोलणं एकेका बाजूनं बंद होत गेलं. गंगूबाई अर्धी उठलेली तशीच थांबली, आत्तीकडं बघून पुन्हा खाली बसली. आत्ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, मान ताठ. आई उंबऱ्यात उभी. तिनं नणंदेकडं पाहिलं, मग ताटाकडं.

"आण की शारदा," वकिलीणबाई म्हणाल्या. "तिथं का उभी राहिलीस?"

"विषय संपू दे," आई म्हणाली.

मंडळाच्या सभेत आईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वकिलीणबाईंनीही बहुधा पहिल्यांदाच.

"कुठला विषय?"

"वन्संचा. शेवटी घेऊ म्हणालात ना."

"अगं घेऊ की. तू लावत जा, आम्ही बोलत राहतो. बायकांना घरी जायचंय, नळाची वेळ झाली."

"मग लवकर बोला," आई म्हणाली. "संपलं की लावते."

आणि ती तिथंच उभी राहिली. बाहेर जायला तेवढं एकच दार होतं, आणि त्या दारात ती दोन्ही हातांत हळदीकुंकवाचं ताट धरून उभी. कपाळाला कुंकू लावून न घेता ताटाला वळसा घालून निघायचं हे त्या खोलीतल्या एकाही सवाष्णीला शक्य नव्हतं. नरसम्मांच्या ते सर्वांत आधी लक्षात आलं आणि त्यांना हसू आवरेना. "ए अम्मा! गेलं माझं पाणी आज! बोला सुंदराबाई, लवकर बोला."

आत्ती बोलली. मी मनातल्या मनात तिच्यासाठी महिनाभर भाषण तयार केलं होतं. सूचना, अनुमोदन, मंडळाचा उद्देश, सगळं त्यात होतं. तिनं त्यातलं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "चुली तुमी दुसऱ्याला दिल्या तर गंगू आन बाकीच्या तितं कामाला ऱ्हातील, न्हाय ऱ्हातील, मला ठावं न्हाय. माझं मला ठावं हाय. सकाळ झाली की मी कुटं जाऊ?" आणि थांबली. पुढं काही येईल म्हणून सगळ्या वाट बघत होत्या. काही आलं नाही.

कुणी कुणाकडं बघेना. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकीच्या घरी कुणीतरी होतं, एखादी नणंद, एखादी चुलत जाऊ, सासूची बहीण, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून दुसऱ्यांदा तांदूळ निवडणारी. वकिलीणबाईंच्याही घरी होती. त्यांनी लोडावरची पाठ सरळ केली. "भाऊजींना मी शब्द दिलाय," त्या म्हणाल्या, पण पूर्वीच्या गोडीनं नाही.

"तुमी दिलाय की, मंडळानं कुटं दिलाय?" नरसम्मा म्हणाल्या. "आमच्याकडं पाव्हणे हैदराबादहून येतेत, हिचीच चटणी बांधून नेतेत. फरसाणवाल्याची कोण नेणार? ठेवा तसंच."

"हात वर करा मग," वकिलीणबाई वैतागून म्हणाल्या. "सुंदराबाईंकडंच ठेवायचं म्हणणाऱ्या."

नरसम्मांचा हात वर गेला. गंगूबाईनं आपला हात अर्धा उचलला, उचलावा का नाही अशा बेतानं, मग पूर्ण उचलला. मग भिंतीच्या कडेनं एकेक हात, काही नुसते मनगटापर्यंत, बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेलेल्या. चिटणीसबाई मोजत दारापर्यंत आल्या.

"शारदा, तुझा?"

"माझे दोन्ही अडकलेत," आई म्हणाली. "वर आहे म्हणून धरा."

यावर मात्र सगळ्या हसल्या, वकिलीणबाईसुद्धा, आणि म्हणाल्या, "लिहा बाई, लिहा. आणि तू ये आता आत." चिटणीसबाईंनी लिहिलं. मी मान वर ठेवून बघत होते.

मग ताट फिरलं. पहिलं कपाळ वकिलीणबाईंचं, तिथून उजवीकडून एकेक. आत्ती अजून बसलेलीच होती. आई तिच्यापाशी आली. हळदीकुंकवात बुडालेलं तिचं बोट हवेत थांबलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आत्तीनं नजर वर करून तिच्याकडं पाहिलं. आणि आई पुढे सरकली. आत्तीला ओलांडून, गंगूबाईला ओलांडून, तिच्या पलीकडच्या बाईला तिनं कुंकू लावलं. आत्तीनं मान खाली घातली नाही, एवढंच मी पाहिलं.

घरी येताना आम्ही तिघी मधे अंतर ठेवून चालत होतो. रात्री जेवायला बसलो. मला आनंद व्हायला हवा होता, तो होईना. आपल्या आईनं एवढं केलं आणि शेवटी पाऊल पुढे टाकलंच, याचा मला इतका राग आला होता की मी भांडी मुद्दाम आपटत विसळली. अण्णांनी विचारलं, "सभेत काय झालं?" तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही." ईरा, तू मागच्या उन्हाळ्यात मला विचारलं होतंस की तुमच्या वेळच्या बायका बोलायच्या का नाहीत. बोलायच्या. कधी बोलायचं नाही तेही त्यांचं ठरलेलं असायचं, आणि ते बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही.

सकाळी मी कॉलेजची तयारी करत होते. आत्ती अंघोळ करून आली, पदराची कड खोचली. भिंतीपलीकडं माग सुरू झाले होते, पेले वाजत होते. आई चुलीपुढून उठली. तिचे डोळे सुजलेले दिसले.

"वन्सं," ती म्हणाली. "काल मी लावणार होते. बोट उचललं होतं. मग तुमच्याकडं पाहिलं आणि..."

"बरं केलंस न्हाय लावलं ते," आत्ती चपला पायांत सरकवत म्हणाली.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं की. न वाटाया काय झालं?" ती दाराशी थांबली. "पर तू लावलं असतंस, तर समद्या बायका कुंकवावर बोलत बसल्या असत्या, हप्ताभर. पेठ डोक्यावर घेतली असती. भाकरी ऱ्हायली असती बाजूला." तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागं वळून न बघता म्हणाली, "जेवाया वाट बगू नका. आज शेंगा लई कुटायच्यात."

आई दारात उभी राहून ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बघत होती. मग आत आली, चुलीपुढं बसली, आणि तिचं कानडी सुरू झालं.